सेवा आणि हजेरी

मराठीत ‘सेवा’ हा शब्द दोन वाटांनी चालतो. एक वाट देवळाकडे जाते, दुसरी कचेरीकडे. उत्सवात देवापुढे गायला बसलेला गवई आपली सेवा रुजू करतो आणि महाविद्यालयात रुजू झालेला अध्यापकही सेवेतच असतो. त्याच्या सेवाशर्ती असतात, सेवापुस्तक असते, सेवाज्येष्ठतेच्या यादीत त्याचा क्रमांक असतो. ‘हजेरी’चेही तसेच. गवई देवापुढे हजेरी लावतो ती आपखुशीने. नोकरदाराची हजेरी मस्टरवर लागते आणि न लागल्यास खुलासा मागवला जातो. भक्ती आणि चाकरी यांना एकाच शब्दात शेजारी बसवणाऱ्या भाषेला काहीतरी उमगलेले असावे, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

इंग्रजीतील ‘सर्व्हिस’ या शब्दाची ठेवणही अशीच आहे. चर्चमधील उपासना ही सर्व्हिस आणि पगारी चाकरी हीही सर्व्हिसच. शिवाय इंग्लंडच्या चर्चसंगीतात या शब्दाला तिसरा अर्थ आहे: सकाळ-संध्याकाळच्या उपासनेत नेमून दिलेल्या स्तोत्रांना एखाद्या संगीतकाराने बांधलेल्या स्वररचनांचा संच. सॅम्युअल सेबॅस्टियन वेस्ली (१८१०–१८७६) या इंग्रज ऑर्गनवादकाच्या आयुष्यात हे तिन्ही अर्थ चव्वेचाळीस वर्षे एकमेकांशी भांडत राहिले. त्या भांडणाविषयी आम्हांला थोडे लिहायचे आहे.

आम्ही पाश्चात्त्य संगीताचे अभ्यासक नव्हेत. मराठी साहित्य शिकवणे हा आमचा व्यवसाय. परंतु बीबीसी रेडिओवर १९२६ पासून चालत आलेला सायंउपासनेचा कार्यक्रम इंटरनेटमुळे घरबसल्या ऐकता येऊ लागला आणि त्या मुलांच्या उंच, निर्विकार स्वरांची आम्हांला सवय जडली. वेस्लीची ओळख तिथलीच. एक खुलासा मात्र आधीच करायला हवा. मराठी रसिकाच्या कानात ‘ऑर्गन’ म्हटले की संगीत नाटकातील पायपेटी वाजू लागते. कॅथीड्रलमधील ऑर्गन हा निराळाच प्राणी. त्यात पत्त्या नव्हे, तर शेकडो, कधी हजारो नळ्या उभ्या असतात. काही बोटाएवढ्या, काही दोन मजले उंच. वादक दोन्ही हातांनी एकाहून अधिक पट्ट्या वाजवतो आणि पायांनी आणखी एक. वेस्लीच्या तरुणपणी विजेचा पंखा नव्हता. भाते माणसे हलवीत. म्हणजे वादकाचा पहिला स्वर उमटण्याआधी कोणीतरी पडद्याआड घाम गाळलेला असे.

या वादकाची नोकरी कशी होती तेही पाहू. कॅथीड्रल म्हणजे बिशपचे पीठ. पण त्याचा रोजचा कारभार डीन आणि त्याचे सहकारी धर्मगुरू मिळून पाहत. या मंडळाला ‘चॅप्टर’ म्हणतात. ऑर्गनवादक हा चॅप्टरचा पगारी माणूस. दिवसातून दोनदा उपासना होई आणि तिच्यात गायकवृंद गाई. वृंदात मुले असत व त्यांच्या जोडीला मोठ्या पुरुषांचे आवाज. मुलांना गाणे शिकवणे, उपासनेत साथ करणे, नव्या रचना करणे ही ऑर्गनवादकाची कामे. परंतु संगीतावरचा अधिकार रीतीने ‘प्रिसेंटर’ या धर्मगुरूकडे असे आणि त्याला संगीत कळत असलेच पाहिजे असा काही दंडक नव्हता. चॅप्टरच्या बैठकीत ऑर्गनवादकाला मत नसे. ज्याला विषय कळतो त्याला मत नाही आणि ज्याला मत आहे त्याला विषय कळेलच असे नाही, ही व्यवस्था आमच्या वाचकांना फारशी परकी वाटू नये.

वेस्ली हे आडनाव चर्चच्या इतिहासात मोठे. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली हा त्याचा चुलत आजोबा आणि हजारो भक्तिगीते रचणारा चार्ल्स वेस्ली हा सख्खा आजोबा. वडील सॅम्युअल हे बाखचे संगीत इंग्लंडमध्ये रुजवणाऱ्यांतले एक अग्रणी. मुलाच्या नावातला ‘सेबॅस्टियन’ हा त्या भक्तीचाच प्रसाद. आईवडिलांचे लग्न मात्र झालेले नव्हते. एवढ्या धर्मनिष्ठ घराण्याचे नाव लावायचे आणि त्याच घराण्याच्या दृष्टीने अनौरस ठरायचे, हा पेच त्याच्या वाट्याला जन्मतःच आला. लहानपणी तो राजघराण्याच्या उपासनावृंदात गायला आणि १८३२ मध्ये, बाविसाव्या वर्षी, हेरेफर्ड कॅथीड्रलचा ऑर्गनवादक झाला.

त्याच वर्षी तिथल्या दुरुस्त केलेल्या ऑर्गनच्या पुनरारंभासाठी त्याने ‘द विल्डरनेस’ हे अँथम लिहिले. अँथम म्हणजे बायबलमधील वचनांवर बांधलेली, वृंदाने गायची रचना. ओसाड रानाला बहर येईल या यशयाच्या भविष्यवाणीवरची ही रचना आज त्याच्या उत्कृष्ट कामांत गणली जाते. पुढच्या वर्षी ती ग्रेशम पारितोषिकासाठी पाठवली गेली आणि नाकारली गेली. हे कॅथीड्रलचे संगीतच नव्हे, असा परीक्षकांतील एकाचा आक्षेप होता. कोणत्याही प्रकारात नवे काही आले की ‘हे कादंबरी नव्हेच’, ‘ही कविता नव्हेच’ असे म्हणणारे परीक्षक सर्व भाषांत असतात. त्यांत आश्चर्य नाही. लक्षात ठेवण्याजोगे एवढेच, की बावीस-तेवीस वर्षांच्या वेस्लीला आपल्या क्षेत्राचे पहिले उत्तर असे मिळाले.

हेरेफर्डमधलीच दुसरी रचना १८३४ च्या सुमाराची. ईस्टरचा दिवस, ख्रिस्ती वर्षातला सर्वांत मोठा सण. आणि त्या दिवशी वृंदात मुलांखेरीज मोठा गायक केवळ एक. तो खर्जातला आवाजही डीनच्या बटलरचा होता, असे सांगितले जाते. वेस्लीने त्या मनुष्यबळात ‘ब्लेसेड बी द गॉड अँड फादर’ हे अँथम बसवले. पेत्राच्या पहिल्या पत्रातील वचनांवरची ही रचना ऐकताना तिच्या मध्यभागी एका मुलाचा एकटा आवाज येतो आणि बाकीची मुले त्याला उत्तरे देतात. पुढे पुरुषस्वरांतील गंभीर पठण. देह गवतासारखा सुकून जातो हे वचन वृंद दबलेल्या आवाजात म्हणतो. आणि त्या शांततेवर ऑर्गनचा एक प्रचंड स्वरमेळ कोसळतो. त्यानंतर सगळा वृंद उसळून उठतो. पहिल्यांदा ऐकताना आम्ही दचकलो होतो. आता तो क्षण येणार हे ठाऊक असूनही दचकतो.

ही कथा संगीताच्या जगात मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. तिच्यात सगळे आहे: मोठा सण, अपुरा वृंद, बटलर आणि प्रतिभा. पण आम्हांला ती ऐकताना थोडे अस्वस्थ व्हायला होते. कारण या कथेचे तात्पर्य काढणारा माणूस कोण आहे यावर पुष्कळ अवलंबून असते. आमच्या व्यवसायात, एका समारंभात, व्यासपीठावरील एका मान्यवरांनी अध्यापकांना उपदेश केला होता की साधनांच्या नावाने रडू नका, अभावातूनच प्रतिभा फुलते. समोर तासिका तत्त्वावर शिकवणारी तरुण मंडळी बसली होती. त्यांतल्या काहींची दहा-दहा वर्षे त्या ‘तत्त्वा’वर गेली होती आणि मानधनाची वाट पाहण्यात दर वर्षी काही महिने जात होते. सभागृहात टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांमध्ये मान्यवरांना हेरेफर्डची गोष्ट माहीत नव्हती हेच बरे झाले, असे आज वाटते. नाहीतर अभावाच्या समर्थनार्थ त्यांना एक सुंदर पुरावा मिळाला असता.

वेस्लीने स्वतः मात्र या कथेचे तात्पर्य नेमके उलट काढले. कलावंताने अभावात काय केले हे त्याच्या कर्तबगारीचे प्रमाण आहे. अभाव ठेवणाऱ्याच्या पुण्याईचे नव्हे. १८३५ मध्ये त्याने हेरेफर्डच्या डीनच्या बहिणीशी लग्न केले आणि त्याच वर्षी एक्सेटर कॅथीड्रलमध्ये नोकरी धरली. तिथे १८३९ मध्ये ऑक्सफर्डची डॉक्टर ही पदवी मिळाली. तिथेच चॅप्टरशी खटके उडत राहिले. १८४२ मध्ये तो लीड्सला गेला. लीड्सचे ते देवालय कॅथीड्रल नव्हते, साधे पॅरिश चर्च होते. पण तिथले मुख्य धर्मगुरू वॉल्टर हुक यांनी ते नव्याने बांधून रोज वृंदगायनाची प्रथा सुरू केली होती. श्रीमंत कॅथीड्रलांत आवाज मिळेनात आणि गिरणीच्या गावातल्या पॅरिश चर्चमध्ये मिळत होते, ही विसंगती वेस्लीच्या डोळ्यांसमोर रोज होती. इथेच त्याने आपली ‘ई’ स्वरातील मोठी सर्व्हिस पूर्ण केली आणि १८४५ मध्ये ती छापताना प्रस्तावनेत कॅथीड्रल-संगीताच्या दुरवस्थेवर कडक टीका जोडली. रचनेपुढे फिर्याद, असे ते पुस्तक आहे.

फिर्यादीची पूर्ण मांडणी १८४९ च्या ‘अ फ्यू वर्ड्स ऑन कॅथीड्रल म्युझिक’ या पुस्तिकेत आली. तीत संताप आहे, पण केवळ संताप नाही, हिशेब आहे. प्रत्येक कॅथीड्रलमध्ये किमान बारा प्रौढ गायक हवेत, ही त्याची मागणी. आकडा उगाच घेतलेला नाही. वृंद समोरासमोर दोन बाजूंना उभा राहतो आणि आळीपाळीने गातो. मुलांचा आवाज सोडला तर पुरुषांचे आवाज तीन प्रकारचे. तीन आवाज, दोन बाजू, म्हणजे सहा माणसे. पण सहाच असतील तर एकाला पडसे झाले की त्या बाजूची एक भिंतच पडली. म्हणून प्रत्येक जागी किमान दोन, एकूण बारा. या गणिताला उत्तर देणे कठीण आहे. त्याच्याच जोडीला ऑर्गनवादक उत्तम प्रतीचा असावा आणि त्याला त्या प्रतीचा पगार असावा, असेही त्याने रोखठोक मांडले.

चॅप्टरच्या बाजूनेही काही बोलता येते आणि ते बोलले पाहिजे. १८४० च्या कायद्याने कॅथीड्रलांतील पदे कमी केली होती आणि त्यांतून वाचणारा पैसा औद्योगिक शहरांतल्या गरीब पॅरिशांकडे वळवला जात होता. जिथे चर्च नाही, धर्मगुरू नाही, तिथे आधी चर्च द्यावे की हेरेफर्डला आणखी सहा गायक, असा प्रश्न कोणी विचारला असता तर त्याला हसून उडवता आले नसते. मात्र वेस्लीचा रोख वेगळा होता. उपासनेत संगीत हवे असे तुम्हीच म्हणता, तर ते नीट तरी ठेवा. नको असेल तर बंद करा. सण साजरा करायचा आणि गायक एक, हा देवाचा मान नव्हे.

इथवर आम्ही पूर्णपणे वेस्लीच्या बाजूचे आहोत. पुढचा भाग लिहिणे अवघड जाते. पण तो गाळला तर हा लेख एकतर्फी निवेदन होईल.

१८४९ मध्ये वेस्ली विंचेस्टर कॅथीड्रलला गेला. तिथे चॅप्टरने त्याचे मोठे म्हणणे ऐकले. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात हेन्री विलिस या कारागिराने एक भव्य ऑर्गन मांडला होता. वेस्लीच्या आग्रहाने तो विंचेस्टरसाठी घेतला गेला आणि १८५४ मध्ये कॅथीड्रलमध्ये उभा राहिला. १८५३ मध्ये त्याची बारा अँथम ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. म्हणजे हाती वाद्य आले, नाव आले. आणि नेमक्या याच काळापासून त्याच्या गैरहजेरीच्या तक्रारी चॅप्टरच्या दप्तरात वाढत जातात. उपासनेला ऑर्गनवादक नसे. त्याच्या जागी शिष्य वाजवीत असे. मासेमारीचे त्याला अतोनात वेड होते. लीड्सला असताना, १८४७ च्या डिसेंबरात, हेल्म्सलीजवळ असाच मासे धरायला गेला असता पडून त्याचा पाय मोडला होता. आणि त्या दुखण्यात त्याने स्तोत्र ५१ मधील वचनांवर अँथम लिहिले, ज्यात मोडलेल्या हाडांना पुन्हा आनंद लाभो अशी प्रार्थना येते. वेस्लीच्या गंभीर संगीतात विनोद सापडतो तो असा, कोपऱ्यात. पण विंचेस्टरच्या मुलांना या विनोदाचा काय उपयोग? बारा प्रौढ गायक मागणारा माणूस स्वतः जागेवर नसेल, तर त्या मागणीचे काय होते?

आम्ही या प्रश्नापाशी पुष्कळ थांबलो. सोपे उत्तर असे, की तो ढोंगी होता. ते आम्हांला पटत नाही. ढोंगी माणूस स्वतःच्या पोटावर पाय येईल अशी पुस्तिका नोकरीत असताना छापत नाही. दुसरे सोपे उत्तर असे, की व्यवस्थेने त्याला तसे केले. यात तथ्य आहे, पण तेही पुरत नाही. कारण त्याच व्यवस्थेत कमी प्रतिभेची कितीतरी माणसे रोज सकाळी वेळेवर येऊन मुलांकडून सप्तके घोटून घेत होती. आमच्या मते, घडले ते असे. रास्त तक्रार दीर्घकाळ अनुत्तरित राहिली की ती माणसाच्या अंगवळणी पडते. आरंभी ती कामासाठी असते. हळूहळू ती कामाची जागा घेते. ‘अशा परिस्थितीत काम होणे शक्य नाही’ हे विधान आधी सत्य असते, मग सवय होते आणि शेवटी सबब. यातली मधली पायरी कधी ओलांडली हे ओलांडणाऱ्याला कळत नाही. आम्ही आमच्या व्यवसायात अशी माणसे पाहिली आहेत. विद्वान, तळमळीची, ज्यांच्या प्रत्येक तक्रारीखाली आम्ही सही केली असती आणि ज्यांच्या वर्गात शेवटी विद्यार्थी उरला नाही. संस्था त्यांचे नुकसान करते हे खरेच. पण त्यांच्या गैरहजेरीत वर्गात बसून राहिलेल्या मुलांचे नुकसान संस्थेच्या खात्यावर लिहून मोकळे होता येत नाही.

वेस्लीच्या बाबतीत हिशेब आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण जेव्हा तो जागेवर असे तेव्हा जे घडे ते दुसऱ्या कोणाच्याने घडत नसे. त्याच्या उत्स्फूर्त वादनाची ख्याती देशभर होती. १८५५ मध्ये लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमधील भव्य ऑर्गनचे उद्घाटन त्यानेच केले. वाद्याची आखणीही त्याचीच. विंचेस्टरजवळच्या शाळेत असलेला ह्यूबर्ट पॅरी हा मुलगा त्याचे वादन ऐकायला येई. तो पुढे इंग्लंडचा मोठा संगीतकार झाला. रोज वेळेवर येणाऱ्या वादकाकडून पॅरीला तेच मिळाले असते का? आम्हांला तसे वाटत नाही. तरीही हजेरीपट चुकीचा ठरत नाही. दोन्ही खरे आहेत, आणि एकाने दुसरे फिटत नाही.

१८६५ मध्ये ग्लॉस्टर कॅथीड्रलची जागा रिकामी झाली तेव्हा तिथल्या चॅप्टरने योग्य माणूस सुचवावा म्हणून वेस्लीचा सल्ला विचारला. त्याने उत्तर दिले की आपण स्वतः यायला तयार आहोत. मंडळी चकित झाली. पन्नाशी ओलांडलेला, नावाजलेला, भांडखोर माणूस चौथ्यांदा जागा बदलत होता. ग्लॉस्टरला हेरेफर्ड आणि वूस्टर यांच्यासह आळीपाळीने भरणाऱ्या संगीतोत्सवाची जबाबदारीही त्याच्याकडे आली, आणि १८७१ च्या उत्सवात त्याने बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर केले. वडिलांनी ज्या बाखसाठी आयुष्यभर वकिली केली आणि ज्याचे नाव मुलाला दिले, त्याची ही परतफेड.

१८७३ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्याच्यापुढे निवड ठेवली: सर ही पदवी किंवा वार्षिक शंभर पौंडांचे निवृत्तिवेतन. वेस्लीने निवृत्तिवेतन घेतले. कलावंताने मान सोडून पैसा घेतला, असे कोणी म्हणेल. आम्हांला यात त्याच्या सगळ्या आयुष्याची सुसंगती दिसते. संगीतकाराला मान द्या म्हणजे काय, हे तो १८४९ पासून सांगत होता. मान म्हणजे पगार, मान म्हणजे बारा गायक. शब्दांचा मान त्याला घराण्याच्या नावातून हवा तितका मिळाला होता.

१८७५ च्या नाताळात त्याने ग्लॉस्टरमध्ये अखेरचे वाजवले आणि १९ एप्रिल १८७६ रोजी तो वारला. पाच गावांच्या या चाकरीनंतर त्याला कुठे पुरले असावे? जिथे अखेरची अकरा वर्षे काढली त्या ग्लॉस्टरमध्ये नाही. जिथे मनाजोगता ऑर्गन मिळाला त्या विंचेस्टरमध्येही नाही. त्याला एक्सेटरला नेले गेले. ज्या गावच्या चॅप्टरशी तरुणपणी त्याचे बिनसले होते त्याच गावाला. कारण चॅप्टरशी संबंधित नव्हते. त्याची एकुलती एक मुलगी १८४० मध्ये, नऊ महिन्यांची असताना, एक्सेटरला वारली होती. तिच्या शेजारी, गावातल्या जुन्या दफनभूमीत, त्याला जागा दिली गेली. इतक्या कागदोपत्री भांडणांमध्ये ही एक गोष्ट छत्तीस वर्षे त्याच्याबरोबर चालत राहिली होती, आणि कोणत्याही हजेरीपटात तिची नोंद नव्हती.